जुन्या डिझेल इंजिनाला तेल कोणते घालावे?



भात झोडून झाले, नागली-वरई घरात आली, की अकोले तालुक्याच्या आपल्या वरच्या भागात ताडपत्र्या निघतात आणि खालून इंजिने बाहेर येतात. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याचे पाणी नदीने खाली जाते आणि संगमनेरच्या पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून कालव्यांनी श्रीरामपूर, राहुरीकडे फिरते. वरच्या काठावर मात्र धरण उशाला अन् कोरड घशाला. नदीत पाणी दिसते, पण वावर वर, नदी खाली. पाणी उचलल्याशिवाय गहू नाही, हरभरा नाही, कांदा तर नाहीच. वीज आली, विजेच्या मोटारी आल्या, तरी ऐन वेळेला वीज नसते म्हणून पुष्कळांनी वडिलांच्या वेळचे इंजिन मोडीत काढलेले नाही. शहाणपणाचे केले. आज त्या जुन्या इंजिनाच्या तेलाबद्दल बोलायचे आहे.

विषय निघाला एका पत्रावरून. राजूरकडच्या एका शेतकरी भावाने विचारले आहे, "आमचे इंजिन तीस-पस्तीस वर्षांचे आहे. गावात म्हणतात की ते टू-स्ट्रोक आहे. मग त्याला फवारणीच्या पंपाचे टू-टी तेल घालावे काय?"

उत्तर एका शब्दात देतो. नाही. पण प्रश्न विचारला हे फार बरे केले, कारण घालून मग विचारणारेही मी पाहिले आहेत.

आधी तुमचे इंजिन खरेच टू-स्ट्रोक आहे का, ते बघा. फोर-स्ट्रोक इंजिनात चाकाच्या दोन फेऱ्यांत एकदा डिझेल जळते, टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला जळते. एक सिलिंडरचे इंजिन असेल तर घरच्या घरी ओळखता येते. डिझेलचा कॉक बंद करा आणि चाक हाताने सावकाश फिरवा. दोन फेऱ्यांत एकदाच जोराचा दम लागला तर फोर-स्ट्रोक. दर फेऱ्याला लागला तर टू-स्ट्रोक. आपल्याकडे पाण्याला बसवलेली किर्लोस्कर, कूपर किंवा राजकोटकडची लिस्टर नमुन्याची जी इंजिने दिसतात, ती फोर-स्ट्रोकच. पत्र लिहिणाऱ्या भावाचेही तसेच असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

मग टू-स्ट्रोकची वदंता आली कुठून? एक कारण असे असू शकेल. इंग्लंडमध्ये मार्शल कंपनीचा 'फिल्ड मार्शल' नावाचा एक ट्रॅक्टर होता. तो एका सिलिंडरचा आणि खराखुरा टू-स्ट्रोक डिझेलचा. राजकोटला फिल्डमार्शल नावाची पंपाची इंजिने बनली, त्यांचा या ट्रॅक्टरशी संबंध नाही. नाव सारखे म्हणून जात सारखी होत नाही. दुसरे कारण जुन्या पिठाच्या गिरण्या. तुमच्या आजोबांना विचारा, वरचा लोखंडी गोळा स्टोव्हच्या जाळावर लाल करून मगच सुरू होणारी इंजिने त्यांनी पाहिली असतील. ती बहुतेक टू-स्ट्रोकची होती. त्यांना तेल थेंबाथेंबाने सोडावे लागे आणि ते जळून धुराड्यातून निघून जाई. त्यांचा जमाना संपला, पण नाव मागे राहिले.

टू-स्ट्रोक डिझेल आजही जगात आहे. मालगाडी ओढणारी आपल्या रेल्वेची डब्ल्यूडीजी-४ जातीची डिझेल इंजिने टू-स्ट्रोकच आहेत. अमेरिकेच्या डेट्रॉईट डिझेल कंपनीची जुनी इंजिनेही तशीच, ती माती उपसण्याच्या मोठ्या यंत्रांवर असत. कुणा भावाने लिलावातून असे जुने यंत्र घेतले असेल तर त्याच्यापुरते सांगतो. त्यात तेल डिझेलमध्ये मिसळत नाहीत, खालच्या चेंबरमध्येच भरतात. त्याला एसएई ४० नंबरचे, एकाच नंबरचे तेल लागते आणि डब्यावर 'सीएफ-२' ही खूण लागते. यातला '२' म्हणजे टू-स्ट्रोक. एरवी चांगले म्हणून गाजलेले १५डब्ल्यू-४० तेल त्यात घालू नये. अशा इंजिनात पिस्टनला विसाव्याचा फेरा मिळत नाही. दर फेऱ्याला जाळ, त्यामुळे पिस्टनच्या पिनवरचा दाब सुटतच नाही आणि तेलाला तिथे शिरायला वाव कमी. रिंगाही सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांवरून सारख्या घासत जातात. म्हणून तेलाचा थर दमदार हवा. शिवाय ज्या तेलाची जळून राख जास्त होते ते चालत नाही, ती राख भोकांत आणि वाल्वांवर बसते.

आणि फवारणीच्या पंपाचे टू-टी तेल? ते पेट्रोलमध्ये मिसळून जाळण्यासाठीच केलेले असते. पातळ असते, पेट्रोलबरोबर एकदा आत जाते आणि जळून जाते. डिझेल इंजिनातल्या तेलाला शंभर तास काजळी पोटात घेऊन फिरायचे असते. ती ताकद टू-टी तेलात नाही. ते फवारणी पंपात आणि गवत कापायच्या यंत्रात राहू द्या.

आता आपल्या पंपाच्या इंजिनाकडे वळू. तेलाच्या डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. इंग्रजी येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही.

पहिली गोष्ट एसएईचा नंबर. हा तेलाचा दाटपणा. ३० पेक्षा ४० दाट. २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० असे दोन आकडे असले तर ते तेल थंडीत पहिल्या आकड्यासारखे पातळ राहते आणि इंजिन तापल्यावर ४० नंबरइतका दाटपणा धरते. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. आपल्याकडे पौषात पहाटे हँडल मारताना दोन माणसे घामाघूम होतात, ती बऱ्याचदा ४० नंबरच्या तेलामुळे. ते गारठ्याने काकवीसारखे झालेले असते. आणि काकवीसारखे तेल वरपर्यंत पोचेपर्यंत बेरिंग कोरडेच फिरते. इंजिनाची झीज सर्वात जास्त होते ती याच पहिल्या काही मिनिटांत.

दुसरी गोष्ट एपीआयची खूण. 'एस'ने सुरू होणारी खूण पेट्रोल इंजिनाची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. सीसी, सीडी या जुन्या पायऱ्या, त्यानंतर सीएफ, सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी पुढची. मोटारसायकलच्या तेलाच्या डब्यावर 'एस'ची खूण असते. ते इंजिनात घालू नका. नवीन पायरीचे तेल जुन्या इंजिनाला सहसा बाधत नाही, पण सगळ्यात महागडा डबा घ्यायचीही गरज नाही. सीएफ-४ किंवा सीएच-४ पुरे. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असे. त्याचे तेजाब होऊन लायनर खाल्ला जाई, म्हणून ते तेजाब मारणारे कडक तेल लागे. १ एप्रिल २०२० पासून आपल्याला बीएस-६ डिझेल मिळते. त्यात गंधक दहा लाख भागांत फार तर १० भाग. त्या काळजीचा भार पुष्कळ उतरला आहे. अर्थात तुम्ही डिझेलमध्ये रॉकेल मिसळत असाल तर माझा नाइलाज आहे.

आता कुठल्या इंजिनाला काय. तुमचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचे असेल, म्हणजे पाच हॉर्सपॉवरचे नेहमीचे उभे इंजिन, त्याला तेलाचा पंप आणि तेलाचा फिल्टर असेल, तर बारा महिने २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४० घाला. दोन्हींत वरच्या भागासाठी मी १५डब्ल्यू-४० पसंत करीन, कारण थंडी. तुमचे इंजिन मोठ्या जड चाकांचे, मिनिटाला साडेसहाशे-साडेआठशे फेऱ्यांचे लिस्टर नमुन्याचे असेल, तर त्याला हिवाळ्यात एसएई ३० आणि चैत्र-वैशाखात एसएई ४० ठीक. त्यातल्या पुष्कळांत फिल्टर नसतो. रॉडच्या टोकाचा चमचा चेंबरमधले तेल उडवतो, त्यावर सगळा कारभार. चमचा दाट तेल नीट उडवू शकत नाही, हे ध्यानात ठेवा. इंजिनाबरोबर आलेले पुस्तक घरात कुठे आढ्याला खोचलेले सापडले, तर माझे ऐकण्याआधी त्याचे ऐका.

एक सावधगिरी. आजचे डिझेल इंजिनाचे तेल मळ धुऊन काढणारे असते. जुन्या साध्या तेलात हा गुण कमी, त्यामुळे त्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ तळाला बसलेला असतो. त्यात एकदम चांगले तेल ओतले की गाळ सुटतो, तेलात तरंगतो आणि नेमका बारीक भोकात जाऊन अडकतो. मग लोक म्हणतात, "महाग तेल घातले आणि इंजिन बसले." दोष तेलाचा नसतो. आधी बाजूचे झाकण काढून चेंबरचा तळ खरवडून काढा, चिंधीने नव्हे, तिचे धागे मागे राहतात. लाकडी कालथा आणि थोडे डिझेल घ्या, स्वच्छ करा आणि निथळू द्या. मग नवे तेल भरा. हे पहिले तेल वीस-पंचवीस तासांतच काढून टाका. जीव जळतो, माहीत आहे. पण त्याबरोबर येणारी घाण पाहिली की पटते.

आता एक हकिगत सांगतो, नावगाव सांगत नाही. माझी नोकरी नवी होती. प्रवरेच्या काठी एका शेतकऱ्याकडे गव्हावरचा तांबेरा बघायला गेलो. इंजिन चालू होते आणि निळा धूर ओकत होते. तो म्हणाला, "साहेब, धूर फार येत होता, म्हणून नव्वद नंबरचे तेल घातलंय. आता कमी झालाय." मी ऐकले आणि पुढे गेलो. मनात म्हटले, हा मिस्त्रीचा विषय, आपला विषय गहू. राहुरीच्या विद्यापीठात शेती-यंत्रांचा विषय शिकून आलेला माणूस मी, पण तोंड उघडले नाही.

माघात गव्हाच्या दाण्यात चीक भरत होता. ही पाण्याची अगदी नाजूक वेळ. त्या वेळी इंजिन ठोकायला लागले आणि संध्याकाळी बंद पडले. उघडले तेव्हा मी उभा होतो. चेंबरच्या तळाला काळ्या रानातल्या चिखलासारखा गाळ, रॉडचे तेलाचे भोक बुजलेले, बेरिंग वितळून क्रँकला चिकटलेले. क्रँक ग्राइंडिंगला संगमनेरला गेला, तो परत येऊन इंजिन जोडून होईपर्यंत बारा दिवस गेले. शेजाऱ्याने दोन पाळ्या पाणी दिले, तेवढेच भिजले. बाकीच्या गव्हाचा दाणा चिमला. चार लिटर तेलाचा प्रश्न, त्याने वर्षाची बेगमी गेली. घरात त्या वर्षी लग्न होते.

म्हणून या नव्वद नंबरची गोष्ट नीट समजावून घ्या. ते गिअरचे तेल. गिअर तेलाचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे असतात. तिथले ९० म्हणजे इंजिन तेलाच्या ४०-५० च्या आसपासचाच दाटपणा. म्हणजे दुप्पट दाट तेल मिळाले, ही समजूतच चुकीची. उलट काजळी पोटात धरून ठेवणारे औषध गिअर तेलात नसते, त्यामुळे काजळीचा गाळ होऊन बसतो. शिवाय दातांवरचा जबर दाब सोसण्यासाठी त्यात गंधकाची औषधे घातलेली असतात. इंजिनाच्या उष्णतेत ती पिवळ्या धातूच्या बुशला खातात. आठ दिवस धूर कमी दिसला, तो दिसलाच नुसता.

निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. रिंगा किंवा लायनर झिजले आहेत. त्यावर तेलाचा इलाज नाही, रिंगांचा आहे. हंगाम मध्यावर असेल आणि काम काढायला सवड नसेल तर ३० ऐवजी ४० नंबर घालून, रोज पातळी पाहून हंगाम काढावा, इथपर्यंत मी जाईन. त्यापुढे नाही. काळा धूर हा तेलाचा नव्हे. नॉझल, हवेची जाळी किंवा जादा ओझे यांकडे बघा. पांढरा धूर सुरुवातीला थोडा वेळ आला तर चालतो. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर पाणी किंवा न जळलेले डिझेल.

तेल काळे झाले की खराब झाले, असे पुष्कळ जण मानतात. डिझेल इंजिनात ते दोन दिवसांत काळे होतेच. काळे झाले म्हणजे काजळी धरून ठेवण्याचे आपले काम ते करते आहे. पण काही परीक्षा जरूर करा. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी काठी काढून पुसा, परत घाला आणि पातळी बघा. पातळी रोज थोडी उतरते हे समजू शकते. पण ती चढली तर? न घालता तेल वाढते याचा आनंद मानू नका. काठीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर नॉझल गळते आहे किंवा पंपातून डिझेल खाली उतरते आहे आणि तेल पाण्यासारखे पातळ झाले आहे. ताकासारखे पांढुरके झाले तर पाणी शिरले आहे. शंका असेल तर तापलेल्या तव्यावर, जुन्या हो, घरच्या भाकरीच्या नव्हे, एक थेंब टाका. तडतडले तर पाणी. आणि काठीवरचा एक थेंब टीपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. काळेपणा कडेपर्यंत सारखा पसरला तर तेलात अजून दम आहे. मधेच काळा गोळा होऊन बसला आणि भोवती फिके कडे राहिले, तर तेलाने मळ सोडून दिला, बदला.

बदलायचे कधी? पुस्तकातले तास पाळा. पुस्तक नसेल तर जुन्या इंजिनाला मी शंभर तास सांगतो. बिनफिल्टरच्या इंजिनाला त्याहूनही लवकर. तास मोजायला घड्याळ नको, झोपडीच्या भिंतीवर गेरूने रोज एक रेघ आणि शेजारी तास. तेल काढायचे ते इंजिन गरम असताना, म्हणजे मळ तेलाबरोबर बाहेर येतो.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यातला पाऊस तुम्हाला मी काय सांगू. चार महिने इंजिन ओल्या हवेत उभे असते. खालच्या मुलखात इंजिन गंजायला पाच वर्षे लागत असतील तर इथे एक पावसाळा पुरतो. आणि बहुतेक जण काय करतात, तर जुने तेल तसेच ठेवून दिवाळीनंतर नवे घालतात. "चार महिने उभेच आहे, नव्या तेलाची नासाडी कशाला?" हे अगदी उलटे आहे. वापरलेल्या तेलात पाणी आणि आंबट घाण असते, ती चार महिने बेरिंगला आणि क्रँकला चाटत बसते. तेल बदलायचे ते मृगाच्या आधी. नवे तेल घालून इंजिन दहा मिनिटे चालवा, म्हणजे ते सगळीकडे पोचेल. मग थंड पाण्याची टाकी आणि इंजिनातले पाणी पूर्ण सोडून द्या. धुराड्याच्या तोंडावर डबा पालथा घाला, हवेच्या तोंडाला तेलकट फडके बांधा. ते फडके सुरू करताना काढायला विसरू नका, ठळक रंगाचे बांधा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिझेल बंद ठेवून चाक हाताने आठ-दहा फेरे फिरवा. हे काम बायकापोरेही करू शकतात, दम सोडायचा खटका उचलून ठेवला की चाक हलके फिरते. दिवाळीनंतर सुरू करताना काठीवर पाणी दिसले तर मात्र ते तेलही बदलावे लागेल.

विकत घेताना सीलबंद डबा घ्या, पावती घ्या. बॅरलमधले सुटे तेल स्वस्त पडते, पण ते जळके तेल गाळून परत आलेले आहे की काय, हे डोळ्यांनी कळत नाही. रंगावर जाऊ नका. गावात पातळी भरायला तेच तेल मिळाले नाही आणि दुसऱ्या कंपनीचे, पण त्याच नंबरचे डिझेल तेल मिळाले, तर ते घाला. कमी तेलावर इंजिन चालवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

राहिले जळके तेल. ते ओढ्यात, नदीत ओतू नका. खाली कितीतरी गावे हेच पाणी पितात. डब्यात साठवा आणि भंगारवाल्याऐवजी तालुक्याच्या गॅरेजला द्या, जिथून परवाना असलेले लोक ते उचलून नेतात. हातांना लागलेले साबणाने धुवा, जनावरांच्या जखमेला तर कधीच लावू नका.

पत्र लिहिणाऱ्या भावाला आणि इतरांनाही विनंती, पुढच्या पत्रात इंजिनाच्या पितळी पट्टीवरचे नाव, हॉर्सपॉवर आणि मिनिटाचे फेरे तेवढे उतरवून पाठवा. फिल्टर आहे की नाही, तेही लिहा. म्हणजे तेलाचा नंबर नेमका सांगता येईल.